काउंटरमागची खुर्ची कुणाची?

गेल्या महिन्यात कोल्हापूरला जाणं झालं. एसटी स्टँडजवळच्या एका लॉजच्या काचेवर हातानं लिहिलेला कागद चिकटवला होता. ‘पाहिजेत. १) मॅनेजर – अनुभवी, हिशेबाची माहिती हवी, राहण्या-जेवणाची सोय. २) रिसेप्शनिस्ट – मुलगी, वय १८ ते २५, दिसायला स्मार्ट, बोलायला गोड. पगार समक्ष भेटीत.’

वाचून पुढे गेले, पण तो कागद काही डोक्यातून जाईना. मॅनेजरला काय यायला हवं, ते त्यात लिहिलं होतं. रिसेप्शनिस्टनं कसं दिसायला हवं, ते लिहिलं होतं. तिनं करायचं काय, याबद्दल मात्र एक अक्षर नव्हतं!

दर्शन करून परतताना मुद्दाम आत डोकावले. काउंटरमागे एकच खुर्ची. चौकशी केली तेव्हा कळलं की दिवसा त्या खुर्चीवर मुलगी बसते आणि रात्री मॅनेजर. म्हणजे खुर्ची तीच, रजिस्टर तेच, किल्ल्यांचा बोर्ड तोच आणि गल्लाही तोच. पुरुष बसला की तो मॅनेजर, बाई बसली की ती रिसेप्शनिस्ट. आपण मराठीत तिला छान नाव दिलंय, ‘स्वागतिका’. पण मैत्रिणींनो, या शब्दाचं पुरुषाला लावायचं रूप तुम्ही कधी कुणाच्या तोंडून ऐकलंय? मी तरी नाही. जणू हसून ‘या, बसा’ म्हणणं एवढंच त्या खुर्चीचं काम, आणि ते बाईनंच करायचं.

आज हा विषय घ्यायचं कारण आहे. कोल्हापूर, पंढरपूर, तुळजापूर, शिर्डी, महाबळेश्वर, गणपतीपुळे, मालवण, कुठंही जा. लॉज, हॉटेलं आणि घरगुती निवासव्यवस्था दिसतेच. आपल्या गावांतल्या बारावी किंवा बी. ए. झालेल्या मुलींना एसटीनं जाऊन येऊन करता येतील अशा नोकऱ्या मोजक्याच असतात. कापडाच्या दुकानात सेल्सगर्ल, दवाखान्यात केसपेपर काढणं आणि हॉटेलचं काउंटर. पहिल्या दोन्हींना घरातून लगेच होकार मिळतो. तिसरीचं नाव काढलं की आई म्हणते, “लॉजवर? नको गं बाई! लोक काय म्हणतील?”

ही भीती अगदीच निराधार आहे, असं मी म्हणणार नाही. पण तिचं मूळ कुठं आहे, ते शोधायला हवं. मला वाटतं, ते त्या काचेवरच्या कागदात आहे. जे काम नेमकं काय ते कुणी सांगतच नाही, त्याबद्दल लोक मनाला येईल ते बोलणार. आणि ज्या कामाची हद्द ठरलेली नाही, त्यात मुलीच्या अंगावर काहीही येऊन पडणार.

माझ्या ओळखीतल्या एका मुलीचं असंच झालं. बी. कॉम. झालेली, इंग्रजी बेताचं पण हिशेबाला पक्की. तालुक्याच्या गावी एका लॉजवर लागली. पहिल्या आठवड्यात काम होतं रजिस्टर लिहिणं आणि फोन घेणं. दुसऱ्या आठवड्यात धोब्याकडं जाणाऱ्या चादरी आणि अभ्रे मोजणं तिच्याकडं आलं. रूमबॉय आला नाही त्या दिवशी, “जरा बघ ना तेवढं, तू घरातलीच आहेस,” म्हणत खोल्या आवरणंही आलं. मग मालकांच्या मुलाचा गृहपाठ. तिसऱ्या महिन्यात गल्ल्यात बाराशे रुपये कमी भरले, तेव्हा ते तिच्या पगारातून कापले. तो गल्ला दिवसभरात चार हातांनी उघडला जात होता. पण ‘काउंटरला तूच होतीस ना?’ एवढ्या एका प्रश्नावर निकाल लागला. संध्याकाळी आठला सुटायचं ठरलेलं, पण मॅनेजर साडेआठशिवाय उगवायचा नाही आणि शेवटची एसटी पावणेनऊची. रोज धावत स्टँड गाठायचं. चौथ्या महिन्यात तिनं काम सोडलं. मालक काय म्हणाले, माहितीय? “आजकालच्या मुली टिकतच नाहीत हो.”

टिकणार कशा? टिकायला पायाखाली काहीतरी ठाम लागतं ना!

या खुर्चीवरचं काम खरं काय असतं, ते एकदा नीट पाहूया. पाहुणा दारात आला की त्याचं ओळखपत्र बघून रजिस्टरमध्ये नोंद करायची. किती माणसं, किती दिवस, कुठून आले, कुठं जाणार. परदेशी पाहुणा असेल तर तो आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते. ते राहिलं तर हॉटेलवर बालंट येतं. ॲडव्हान्स घ्यायचा, पावती द्यायची. फोनवरचं बुकिंग एका वहीत, मोबाइल ॲपवरचं दुसरीकडं आणि मालकांनी परस्पर नातेवाइकांना कबूल केलेली खोली कुठंच लिहिलेली नाही, अशा वेळी एकच खोली दोघांना गेली की दोन्ही कुटुंबांच्या शिव्या हिनं खायच्या. बिल करायचं आणि ते समजावूनही सांगायचं. दिवसाला साडेसात हजारांपर्यंत भाडं असलेल्या खोलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. हजार रुपयांच्या वरच्या खोल्यांना त्याआधी तो १२ टक्के होता. “मागच्या वेळी बिल वेगळं होतं,” असं म्हणणाऱ्या पाहुण्याला हे तिलाच सांगता यायला हवं.

गिझर बिघडला, पाणी गेलं, शेजारच्या खोलीत आरडाओरडा आहे, आजीबाईंना रात्री दम लागला, प्रत्येक वेळी फोन खणखणतो तो काउंटरवर. कुठला डॉक्टर येईल, कुठली रिक्षा मिळेल, पोलीस आले तर काय दाखवायचं, हे सगळं तिच्या डोक्यात असावं लागतं. ड्युटी बदलताना गल्ला, किल्ल्या आणि राहिलेली कामं पुढच्याच्या ताब्यात द्यायची. शिवाय एक काम असं की जे कुणाच्या लक्षातच येत नाही. गुप्तता! ‘अमुक पाहुणे कुठल्या खोलीत उतरलेत?’ असं कुणी येऊन विचारलं तर खोलीचा नंबर सांगायचा नाही, पाहुण्याला फोन करून विचारायचं. रजिस्टर उघडं टाकून उठायचं नाही, कारण त्यात लेकीबाळींचे फोन नंबर असतात. ओळखपत्रांच्या झेरॉक्स ड्रॉवरमध्ये कुणाच्याही हाताला लागतील अशा ठेवायच्या नाहीत.

आता सांगा, हे ‘दिसायला स्मार्ट, बोलायला गोड’ एवढ्यात बसतं का? हे घर चालवण्याइतकंच गुंतागुंतीचं काम आहे. आणि घर चालवणाऱ्या बाईला ‘काही करत नाही, घरीच असते’ म्हणायची आपली सवय इथंही आलीय बघा. म्हणून तर काम सांगायच्या जागी रूप सांगितलं जातं!

या क्षेत्राचं रीतसर शिक्षणही असतं, हे आपल्याकडं फारसं कुणाला ठाऊक नसतं. आयटीआयमध्ये ‘फ्रंट ऑफिस असिस्टंट’ नावाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे आणि त्याला दहावी पास मुलं-मुली जाऊ शकतात. शिकून घेण्यासारखं, परीक्षा देण्यासारखं हे काम आहे, एवढं यावरून कळलं तरी पुष्कळ.

पण कामाची यादी झाली म्हणजे सगळं झालं असं नाही. त्याहून मोठा प्रश्न अधिकाराचा असतो. एक माणूस दारू पिऊन आला आणि खोली मागू लागला, तर नाही म्हणायचा अधिकार त्या मुलीला आहे का? भाडं कमी करा म्हणून घासाघीस करणाऱ्याला ती किती सूट देऊ शकते? एक सज्ञान जोडपं आलं, लग्न झालेलं नाही म्हणाले, तर? दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहू नये, असा आपल्याकडं कायदा नाही. तरी बरीच हॉटेलं खोली देत नाहीत. तुम्ही तुमच्या हॉटेलपुरतं जे ठरवायचं ते ठरवा, पण ते मालकानं ठरवून लिहून ठेवायला हवं. ऐनवेळी त्या एकवीस वर्षांच्या पोरीनं पाहुण्याचं चारित्र्य तपासायचं, आणि खोली दिली तरी बोल तिला, नाही दिली तरी बोल तिलाच, हा कुठला न्याय?

आणि उलट प्रसंग. एखादा प्रौढ माणूस एका घाबरलेल्या, अल्पवयीन दिसणाऱ्या मुलीला घेऊन आला. नातं विचारलं तर उत्तर अडखळत येतंय. इथं काउंटरवरच्या व्यक्तीनं डोळे उघडे ठेवले तर एक आयुष्य वाचू शकतं. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आणि पोलिसांचा ११२, हे दोन नंबर काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवलेले असावेत. पण नंबर पुरत नाहीत. ‘अशा वेळी तू फोन लाव, मी तुझ्या पाठीशी आहे,’ हे मालकानं आधीच सांगितलेलं असावं. लॉज या शब्दाला जो डाग लागलाय, तो याच क्षणी कुणीतरी नजर फिरवल्यामुळं लागलाय. तो पुसण्याची ताकद त्या खुर्चीत आहे. फक्त त्या खुर्चीला तसा मान द्यायला हवा.

आता रात्रीचं बोलू. रात्री अकराला एसटीतून एकटी उतरलेली बाई लॉजच्या पायऱ्या चढते, तेव्हा काउंटरवर बाई दिसली की तिचा जीव भांड्यात पडतो. तुमचा-माझा हा अनुभव आहे. पण आपला जीव भांड्यात पडावा म्हणून दुसरीचा टांगणीला लागता कामा नये. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं यासाठी चौकट घालून दिलीय. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, तिच्या सुरक्षिततेची सोय हवी आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवण्याची व्यवस्था हवी. हा कायदा ठरावीक संख्येच्या वर कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. पण चार माणसांच्या छोट्या लॉजनं हीच अट स्वतःहून पाळायला कुणाची ना आहे? ‘संमती’ म्हणजे ‘बघ, जमत असेल तर ये, नाहीतर दुसरी बघतो’ असं म्हणून मिळवलेला होकार नव्हे, हेही लक्षात असू द्यावं.

पाहुण्यांच्या त्रासाचंही तसंच. “अहो, गिऱ्हाईक आहे, थोडं सांभाळून घे,” हे वाक्य काउंटरवरच्या किती मुलींनी ऐकलं असेल! कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा म्हणतो की कामाच्या जागी येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांपासूनही बाईला सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. म्हणजे पाहुणाही त्यात आला. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती असायलाच हवी. त्याहून लहान जागी काम करणारीनं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जायचं. तक्रार लेखी आणि तीन महिन्यांच्या आत. हे वाचून कापून ठेवा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त नोकरी करणाऱ्या मुली नाहीत. तुमच्यापैकी कितीतरी जणी स्वतः मालकीणबाई आहात. कुणी मालवणात घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देता, कुणी सासऱ्यांनी बांधलेला लॉज सांभाळता. राज्यानं २०२३ मध्ये ‘आई’ नावाचं महिला पर्यटन धोरण आणलं. पर्यटनात व्यवसाय करणाऱ्या महिलांच्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज परत देण्याची योजना त्यात आहे. आणि त्यात एक फार चांगली अट घातलीय. महिलेच्या मालकीच्या हॉटेलात निम्मे कर्मचारी महिला असाव्यात. म्हणजे उद्या माणूस नेमायची वेळ तुमच्यावरच येणार आहे. तेव्हा आपण तरी त्या काचेवरच्या कागदासारखी जाहिरात लावायची नाही, एवढं ठरवूया?

नेमणुकीआधी एक दिवस स्वतः त्या खुर्चीवर बसा आणि सकाळपासून जे जे करावं लागतं ते वहीत लिहीत जा. तुमचं तुम्हालाच आश्चर्य वाटेल. त्यातलं काय काउंटरचं आणि काय रूमबॉयचं, ते वेगळं करा. ‘आणि सांगू ती इतर कामे’ ही ओळ शक्यतो घालूच नका. सगळ्या भानगडी त्याच एका ओळीतून आत शिरतात. मुलाखतीला आलेल्या मुलीला ‘लग्नाचं काय?’ विचारण्यापेक्षा विचारा, “खोली एक आहे, बुकिंग दोघांचं झालंय, दोन्ही कुटुंबं दारात उभी आहेत, तू काय करशील?” उत्तर ऐकताना ती चिडते, घाबरते की आधी दोघांना पाणी देऊन बसवते, ते बघा. एक जुनं बिल देऊन बेरीज करायला सांगा. गोरा रंग आणि फाडफाड इंग्रजी बघून नेमलेल्या मुलीला गल्ला जुळवता आला नाही, तर तो दोष तिचा की तुमचा? आणि हो, या कामाला चाळिशीतली बाईही उत्तम. पोरंबाळं मोठी झालेली, चार माणसं हाताळलेली. तिला वयाच्या अटीनं दारातच का अडवायचं?

गल्ल्याचा प्रश्न तर अगदी सोपा आहे. ड्युटी बदलताना दोघांनी मिळून पैसे मोजायचे आणि दोघांनी सह्या करायच्या. मधे कुणी पैसे काढले, अगदी मालकांनी काढले तरी चिठ्ठी टाकायची. असं केलं तर कुणावर आळ घ्यायची वेळच येणार नाही. तिचं म्हणणं ऐकून न घेता नुकसानीचे पैसे परस्पर पगारातून कापणं कायद्यालाही मान्य नाही.

आणि मैत्रिणींनो, तुमच्या लेकी, भाच्या, नणंदा असं काम बघायला निघाल्या की “नको गं बाई” म्हणण्याऐवजी त्यांना काही प्रश्न शिकवून पाठवा. नेमणुकीचं पत्र मिळेल का? नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितांत नेमणूकपत्राचा आग्रह धरलाय, तेव्हा मागायला लाजू नये. ड्युटी किती ते किती, आणि बदलीचा माणूस आला नाही तर? जादा वेळ थांबलं तर त्याचे पैसे वेगळे मिळणार का? कायद्याच्या हिशेबात जादा कामाचा दर दुप्पट असतो. आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी? नवरात्रात, यात्रेत, लग्नसराईत ती बुडणार असेल तर बदली कधी मिळेल? मी सोडून गल्ला आणखी कोण उघडणार? अडचण आली तर कुणाला फोन करायचा, आणि तो माणूस फोन उचलतो का? बाईमाणसासाठी स्वच्छतागृह आहे का? हा प्रश्न विचारायला कसंसंच वाटतं, पण दहा तास काढायचे असतात तिथं. आणि मूळ मार्कशीट ‘ठेवून जा’ म्हणाले तर झेरॉक्स द्यायची. मूळ कागद घेऊन ठेवणाऱ्याकडं पाऊलसुद्धा ठेवायचं नाही.

कुणी म्हणेल, एवढे प्रश्न विचारणारीला नोकरी देणार कोण? मान्य आहे, काही ठिकाणी नाही मिळणार. बारा जणी दारात उभ्या असताना तेरावीचे प्रश्न ऐकायला मालकाला वेळ नसतो, हे मलाही कळतं. घरची गरज असते, पहिला पगार हवा असतो. म्हणून सगळे नाही तर दोन तरी विचारा. सुटायची वेळ आणि गल्ल्याची जबाबदारी. या दोन गोष्टी कागदावर आल्या तरी माझ्या ओळखीतल्या त्या मुलीसारखी रोज रात्री धावत एसटी गाठायची वेळ येणार नाही. बाकीचे प्रश्न तीन महिन्यांनी, कामाचा भरवसा बसल्यावर विचारता येतात. फक्त विसरायचे नाहीत.

ती मुलगी आता काय करते, ते सांगायचं राहिलंच. दोन वर्षं झाली, ती दुसऱ्या एका हॉटेलात आहे. तिथल्या मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी एक पान हातात दिलं. वर कामं, खाली ड्युटीची वेळ, त्याखाली दोन फोन नंबर. “एवढंच पान होतं, पण मला वाटलं, मला कुणीतरी माणसात घेतलं,” असं ती म्हणाली. तिच्या आईनं ते पान घडी घालून देव्हाऱ्याच्या खणात ठेवलंय. शेजारीण काही बोलली की ती काढून दाखवते म्हणे! आणि त्या पानावर सगळ्यात वर हुद्दा लिहिलाय, ‘मॅनेजर, दिवसपाळी’.

कोल्हापूरच्या त्या काचेवरचा कागद कुणीतरी एकदा नव्यानं लिहायला हवा. ‘पाहिजे – काउंटरसाठी जबाबदार व्यक्ती. काम : नोंदी, बुकिंग, बिल, पाहुण्यांच्या अडचणी. वेळ : सकाळी १० ते संध्याकाळी ७. पगार अमुक इतका. बाई किंवा बुवा, कुणीही चालेल.’ चार ओळींचा मजकूर. लिहायला पाच मिनिटं लागतील. तुमच्या गावातल्या एखाद्या लॉजच्या काचेवर असा कागद दिसला, तर मला जरूर कळवा.